चौसष्ट फेका, बारा बास्केट : एका पराभवानंतर चाहत्यांच्या गटाने घेतलेले निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील इंडियाना राज्यातले आहे. बटलर विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने ४ एप्रिल २०११ रोजी राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना कनेटिकट विद्यापीठाविरुद्ध ४१-५३ असा गमावला. त्यानंतर इंडियानापोलिसमधील चाहत्यांच्या एका लहानशा गटात जे घडले, त्याची ही नोंद आहे. सामन्याचे आकडे सार्वजनिक आहेत. गटातील कोणाचेही नाव येथे दिलेले नाही आणि मैदानावरील खेळाडूंचीही नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण ते सारे त्या वेळी विद्यार्थी होते आणि या लेखाचा विषय त्यांचा खेळ नसून तो पाहणाऱ्यांचे वागणे हा आहे.

इंडियानात बास्केटबॉल हा शाळेपासून घराघरात मुरलेला खेळ आहे. बटलरचे घरचे मैदान, म्हणजे १९२८ मध्ये बांधलेले हिंकल फील्डहाउस, अनेक वर्षे राज्यातील शालेय अंतिम सामन्यांचे ठिकाण होते. जेमतेम दीड-पावणेदोनशे विद्यार्थी असलेल्या मायलन गावच्या शाळेने १९५४ साली मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२-३० असे हरवले, तेही याच छताखाली. इंडियानात ती गोष्ट आजही सांगितली जाते. बटलर हे स्वतःही लहान विद्यापीठ आहे, त्या वेळी विद्यार्थी चार-साडेचार हजार. अशा संस्थेचा संघ २०१० मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि ड्यूक विद्यापीठाकडून ५९-६१ असा हरला. शेवटच्या क्षणी मैदानाच्या मध्यावरून टाकलेला चेंडू बोर्ड आणि रिंगेला लागून बाहेर पडला, तो आत गेला असता तर विजेतेपद मिळाले असते. पुढच्याच वर्षी तोच संघ, तेच प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स, पुन्हा अंतिम सामन्यात. त्यामुळे २०११ च्या त्या सोमवारी या गटाची अपेक्षा 'जिंकलो तर उत्तम' एवढी मर्यादित राहिलेली नव्हती, आता देणे फिटलेच पाहिजे, अशी ती होती.

गट पाच-सहा जणांचा होता. शालेय संघ घडवण्यात हयात घालवलेले एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना सगळे 'कोच' म्हणत. बटलरचीच माजी विद्यार्थिनी असलेली एक परिचारिका. विमा कंपनीत काम करणारा, गटातील सर्वांत बोलका आणि सर्वांत जास्त सामने पाहिलेला चाहता. आणि नागपूरला महाविद्यालयाच्या संघातून खेळलेला, नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेला एक मराठी अभियंता. प्रस्तुत हकीकत मुख्यतः या अभियंत्याने सांगितलेली आहे, त्यामुळे ती थोडी त्याच्या बाजूने कललेली असणार, हे वाचकाने गृहीत धरावे.

सामना

ह्यूस्टनच्या रिलायंट स्टेडियममध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेल्या छताच्या प्रचंड मैदानात, सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर हा सामना झाला. मध्यंतराला बटलर २२-१९ असे पुढे होते. दुसऱ्या सत्राच्या आरंभी त्यांनी दूरच्या रेषेबाहेरून तीन गुणांची एक फेक साधून आघाडी २५-१९ केली. तेथून पुढे कनेटिकटने २२ गुण केले आणि बटलरला अवघे ३ करू दिले. फलक ४१-२८ वर गेला, आणि सामना हातातून गेल्याचे बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसलेल्या गटातील प्रत्येकाला कळून चुकले.

बटलरने एकूण ६४ फेका केल्या आणि त्यांतील १२ साधल्या, म्हणजे १८.८ टक्के. अंतिम सामन्याच्या इतिहासातील ही सर्वांत कमी टक्केवारी होती. यापूर्वीचा नीचांक १९४१ सालचा, वॉशिंग्टन स्टेटचा २१.५ टक्के, असा होता. अंतिम सामन्यात एखाद्या संघाने इतके कमी गुण करण्याचा प्रसंग १९४९ नंतर आलेला नव्हता. मात्र विजेत्यांची नेमबाजीही अभिमान बाळगावा अशी नव्हती. कनेटिकटने ५५ पैकी १९ फेका साधल्या. तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्यांना ११ पैकी एकच मिळाली, आणि स्पर्धा गाजवणारा त्यांचा गार्ड (बाहेरच्या बाजूने चेंडू खेळवणारा खेळाडू) १९ पैकी ५ वर थांबला.

समस्या

सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. विमा कंपनीतील चाहत्याने घरी जाऊन त्याच रात्री एका पत्राचा मसुदा तयार केला आणि गटातील सर्वांना ईमेलने धाडला. पत्र विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आणि स्थानिक वृत्तपत्राला गटाच्या नावाने जावे, असा त्याचा प्रस्ताव होता. त्यात तीन आरोप होते. पहिला, संघाने तीन गुणांच्या फेकांचा हव्यास धरला आणि त्यातच तो बुडाला. दुसरा, १३ पैकी एकच फेक साधणाऱ्या पुढच्या फळीतील अनुभवी खेळाडूला इतका वेळ मैदानावर ठेवायला नको होते. तिसरा, मध्यंतरानंतर डाव बदलण्याची प्रशिक्षकांची तयारी दिसली नाही.

आरोपांची भाषा शिवराळ नव्हती, उलट पत्र सफाईने लिहिलेले होते, आणि अडचण नेमकी तेथेच होती. शिवीगाळ असती तर तिच्याकडे कोणीही काणाडोळा केला असता. पण व्यवस्थित परिच्छेदांत मांडलेला राग हा विश्लेषणासारखा दिसतो आणि सह्या करणाऱ्यांनाही आपण विचारपूर्वक काही करत आहोत असे वाटते. सकाळपर्यंत दोघांनी होकार कळवला होता. परिचारिकेने मात्र दुसऱ्या मुद्द्यावर हरकत घेतली. ज्या मुलाला आपण बाकावर बसवायला निघालो आहोत, त्यानेच याच स्पर्धेत ओल्ड डोमिनियनविरुद्ध अखेरच्या क्षणी बास्केट करून ६०-५८ असा विजय मिळवून दिला आणि पिट्सबर्गविरुद्ध सेकंदही उरला नसताना फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारी, एका गुणाची विनाअडथळा फेक) साधून ७१-७० केले, हे तीन आठवड्यांत विसरायचे का, असा तिचा प्रश्न होता. त्यावर मसुदाकाराचे उत्तर होते की कृतज्ञता वेगळी आणि मूल्यमापन वेगळे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असल्याने वाद तेथेच अडकला.

समोर असलेले पर्याय

मंगळवारी संध्याकाळी गट पुन्हा भेटला तेव्हा तीन मार्ग चर्चेत होते.

पत्र तसेच पाठवावे, हा पहिला. त्याच्या बाजूने असे म्हटले गेले की चाहते तिकिटाचे पैसे मोजतात, वर्षानुवर्षे येतात, मग त्यांनी केवळ टाळ्याच का वाजवाव्यात? हा युक्तिवाद मला अजूनही पूर्णपणे खोडून काढण्यासारखा वाटत नाही. व्यावसायिक संघाच्या बाबतीत तो बराचसा लागूही पडतो. येथे मात्र खेळणाऱ्यांना त्या काळी शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला नव्हता आणि दोन दिवसांनी ते वर्गात बसणार होते.

दुसरा मार्ग, पत्रातील खेळाडूविषयीचा मजकूर काढून फक्त डावपेचांवर लिहावे. हा मधला मार्ग बहुतेकांना पटला होता, आणि गट कदाचित त्यावरच थांबला असता.

तिसरा, काहीच लिहू नये. अभियंत्याचा कल इकडे होता, पण त्याचे कारण तत्त्वाचे नव्हते. नागपूरला आंतरमहाविद्यालयीन सामना हरल्यावर प्रेक्षकांतून आलेल्या शेऱ्यांनी त्याच्या एका सहकाऱ्याने खेळ सोडलेला त्याने पाहिला होता. त्यामुळे पत्रात काय आहे याकडे त्याचे फारसे लक्षच गेले नव्हते, आणि हे त्याने नंतर स्वतःच सांगितले.

निर्णायक ठरला तो कोचचा एक प्रश्न. तोपर्यंत गप्प बसलेल्या त्या गृहस्थांनी विचारले की दोन गुणांच्या फेका किती केल्या आणि किती पडल्या. खोलीत कोणालाच सांगता येईना. एकूण टक्केवारी सर्वांना पाठ होती, कारण तीच सकाळपासून टीव्हीवर फिरत होती, पण तिची फोड कोणी केली नव्हती.

काय केले

आकडे समोर घेतल्यावर पत्रातील पहिला आरोप बसल्या जागी कोसळला. बटलरने तीन गुणांच्या ३३ फेकांपैकी ९ साधल्या होत्या. हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे वाईट, पण लाजिरवाणे नव्हे. रेषेच्या आतून मात्र त्यांनी ३१ फेका केल्या आणि त्यांतील फक्त ३ पडल्या. रिंगेजवळच्या रंगीत पट्ट्यातून कनेटिकटने २६ गुण केले होते, बटलरने २. ज्या फेकांचा 'हव्यास' म्हणून उद्धार चालला होता, त्यांनी संघाच्या ४१ पैकी २७ गुण दिले होते. कोचनी तेथल्या तेथे पेन्सिलीने भागाकार मांडला : बाहेरून प्रत्येक प्रयत्नामागे सुमारे ०.८ गुण, आतून प्रत्येक प्रयत्नामागे ०.२ सुद्धा नाही. आतल्या ३१ पैकी १० जरी पडल्या असत्या, तरी बाकी सारे तसेच राहून बटलरचे ५५ गुण झाले असते.

यावरून 'मग आणखी तीनच्याच फेका करायला हव्या होत्या' असा उलटा निष्कर्ष काढण्याचा मोह गटाला लगेच झाला, आणि तोही कोचनी रोखला. आत जाण्याचा धाकच संपला तर बचाव करणारे बाहेर येऊन उभे राहतात आणि मोकळी फेक मिळेनाशी होते. शिवाय आत घुसल्यामुळेच फाऊल मिळतात. बटलरला १४ फ्री थ्रो मिळाले होते, त्यांतील ८ साधले. सुटलेले ६ हा आणखी एक हिशेब, ज्याकडे पत्रात कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मग गटाने सामन्याचे चित्रमुद्रण लावले. कोचनी जाड कागदावर अर्ध्या मैदानाची आकृती काढली आणि बटलरची प्रत्येक फेक जेथून झाली तेथे खूण करत गेले. पडलेल्या फेकेला वर्तुळ, हुकलेल्या फेकेला फुली. मध्यंतरानंतरचा भाग अर्धा होईतो रिंगेखाली फुल्यांवर फुल्या चढून कागद काळा पडला होता आणि नवी खूण कोठे करावी हे कळेना, म्हणून त्यांनी पट्ट्याच्या बाहेर बाण काढून समासात फुल्या मांडायला सुरुवात केली. परिचारिका दर वेळी थांबवून एवढेच विचारत होती की या फेकेवर बचावाचा हात होता की नव्हता. कनेटिकटने दहा ब्लॉक केले होते, म्हणजे दहा फेका हवेतच अडवल्या होत्या, पण टीव्हीवर दिसलेली त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ब्लॉक न झालेल्या अनेक फेकाही त्या लांब हातांच्या धाकाने बदलल्या होत्या. चेंडू थोडा लवकर सुटत होता किंवा नेहमीपेक्षा उंच उडवला जात होता. अशा फेका आकडेवारीत नुसत्या 'हुकल्या' म्हणून जमा होतात.

किती फेका मोकळ्या होत्या आणि किती दबावाखालच्या, यावर गटाचे एकमत झाले नाही. एकच फेक एकाला सोपी आणि दुसऱ्याला अशक्य वाटत होती. तरी एक गोष्ट सर्वांनी मान्य केली. १३ पैकी एक साधणाऱ्या खेळाडूच्या बऱ्याच फेका त्याच्या रोजच्याच होत्या, हंगामभर ज्या जागेवरून त्याने संघाला तारले त्याच जागेवरच्या. त्याला बसवावे की नाही हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, पण 'का बसवले नाही' याचे उत्तर तरी दिसले. संघाचा सर्वांत भरवशाचा गार्डही १५ पैकी ४ वर होता, तेव्हा बसवलेल्याच्या जागी आणायचे कोणाला?

राहता राहिला स्टेडियमचा मुद्दा. विमा कंपनीतील चाहत्याने पत्राचा पहिला आरोप सोडला, पण त्या जागी नवे कारण धरले. फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध उभारलेल्या कोर्टवर रिंगेमागे भिंत किंवा जवळची गर्दी नसते, मागे नुसती पोकळी असते, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो, असे त्याचे म्हणणे. त्या दिवसांत ही चर्चा देशभर चालू होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. कनेटिकटचे ११ पैकी १ हे त्याच्या बाजूचे साक्षीदार होते. परंतु रिंगेपासून हातभर अंतरावर हुकलेल्या फेकांना मागची पोकळी कशी कारणीभूत ठरते, याचे उत्तर त्याला देता आले नाही. शिवाय दोनच दिवसांपूर्वी, त्याच कोर्टवर, बटलरने व्हर्जिनिया कॉमनवेल्थविरुद्ध ७० गुण करून उपांत्य सामना जिंकला होता.

मूळ पत्र पाठवले गेले नाही. त्याऐवजी आभाराचे कार्ड पाठवावे अशी सूचना आली, ती परिचारिकेने फेटाळली. हरलेल्यांना लगोलग आलेले आभार सांत्वनासारखे वाटतात, आणि सांत्वन हे त्यांनी मागितलेले नाही, असे तिचे मत होते. शेवटी गटाने पुढच्या हंगामाच्या तिकिटांचे नूतनीकरण केले आणि त्यापलीकडे काही कळवले नाही.

निष्पन्न

या साऱ्याने गट शहाणा झाला, असे म्हणायला फारसा आधार नाही. आपसांत एक नियम ठरला होता की सामन्यानंतर आकड्यांची फोड पाहिल्याशिवाय कोणा एका खेळाडूवर बोलायचे नाही. तो हिवाळ्यापर्यंतही टिकला नाही. २०११-१२ च्या हंगामात बटलरने २२ सामने जिंकले, १५ हरले आणि राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रणही त्यांना मिळाले नाही. त्या वर्षी बाहेरून नेम खरोखरच ढासळलेला होता. म्हणजे पत्रातील पहिला आरोप वर्षभर उशिराने खरा ठरला, आणि मसुदाकाराने तो सर्वांना ऐकवायची एकही संधी सोडली नाही. आर्कान्सा विद्यापीठातून बदली होऊन आलेला एक उत्तम नेमबाज नियमानुसार त्या हंगामात बाकावरच होता. तो खेळू लागल्यावर २०१२-१३ मध्ये संघ पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत दिसला. स्टीव्हन्स २०१३ च्या उन्हाळ्यात बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक म्हणून निघून गेले.

स्टेडियमचा वाद मात्र २०१६ मध्ये पुन्हा उकरला गेला. त्याच इमारतीत, तोवर तिचे नाव एनआरजी स्टेडियम झाले होते, व्हिलनोव्हाने उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाला ९५-५१ असे हरवताना सत्तर टक्क्यांहून अधिक फेका साधल्या. अंतिम सामन्यात तर हरलेल्या नॉर्थ कॅरोलायनानेही तीन गुणांच्या १७ पैकी ११ फेका साधल्या. अभियंत्याने हे आकडे विमा कंपनीतील मित्राला कळवले. 'कोर्टची मांडणी बदलली असणार,' असे त्याचे उत्तर आले.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी मध्यंतरालाच होती. बटलर २२-१९ ने पुढे होते, परंतु त्यांची नेमबाजी तेव्हाही दयनीयच होती. आघाडी दिसत होती म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नाही, आणि बेसमेंटमध्ये पिझ्झा वाटला गेला. पहिल्या सत्रात समोरचा संघ १९ वर अडकला, हे बटलरच्या बचावाचे यश होते, नेमबाजीचे नव्हते, एवढे त्या वेळी कोणी बोलून दाखवले असते तर दुसऱ्या सत्रात जे घडले ते आकाशातून कोसळल्यासारखे वाटले नसते. अनपेक्षित वाटलेल्या पराभवातच दोषी शोधण्याची घाई सर्वांत जास्त होते, असे मला अशा इतर प्रसंगांतही दिसले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कागदावरची आकृती फक्त बटलरचीच काढली गेली. कनेटिकटच्या ५५ फेकांचीही तशीच आकृती शेजारी असती, तर दोन्ही संघांना बाहेरून नीट फेक मिळत नव्हती, आणि फरक पडला तो आतल्या पट्ट्यात, हे एका दृष्टिक्षेपात समजले असते. संपूर्ण हंगामातील सर्वांत चिवट बचाव करूनही आपला संघ हरला, ही बाब त्यामुळे चर्चेत आली असती. ती शेवटपर्यंत आली नाही. कनेटिकटचे प्रशिक्षक जिम कॅलहून यांच्या संघाने काय योजना करून रिंगेखालची वाट बंद केली, यावरही गटात कोणी अर्धा तास घालवला नाही. आपण का हरलो याचाच शोध चालू होता, ते कसे जिंकले याचा नव्हे.

तिसरी बाब पत्राच्या हाताळणीची. मसुदा ईमेलने सर्वांना एकाच वेळी गेल्यामुळे प्रत्येकाला होकार किंवा नकार एवढेच द्यायचे उरले. हाच मजकूर आधी एकट्या कोचना दाखवला असता, तर जो प्रश्न मंगळवारी संध्याकाळी विचारला गेला तो सोमवारी रात्रीच विचारला गेला असता आणि दोन सह्या परत घेण्याचा अवघड प्रसंग टळला असता. त्यांपैकी एकाला तो प्रसंग इतका लागला, की पुढच्या हंगामात तो गटासोबत बसलाच नाही. आपले तिकीट त्याने समोरच्या बाजूच्या रांगेत बदलून घेतले.

आणि शेवटी, अभियंत्याच्या भूमिकेविषयी. काहीच लिहू नये हा त्याचा कौल परिणामतः योग्य ठरला, पण त्यामागे सामन्याचा अभ्यास नव्हता. आकड्यांनी पत्रातील आरोपांना दुजोरा दिला असता, तर त्याच्याजवळ बोलायला काही उरले नसते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर सही करून जाहीर टीका करावी की नाही, हा प्रश्न टीका बरोबर निघाली तरीही उभा राहतोच. त्या प्रश्नाला या गटाने हात घातला नाही, कारण टीकाच चुकीची निघाल्याने त्याची गरज पडली नाही.